न केलेली तार

टोळगव्हाणात सव्वीस जानेवारीला झेंडा वर जायचा, राष्ट्रगीत व्हायचं, पोरांच्या हातावर लिमलेटच्या गोळ्या पडायच्या, आणि तरीही कुणी घरचा रस्ता धरायचं नाही. हेडमास्तर बिचारे "कार्यक्रम संपला" असं जाहीर करायचे, पण त्यांचं ऐकतो कोण? भिकन आबांची हाजिरी झाल्याशिवाय या गावाची सव्वीस जानेवारी संपत नसे.

भिकन आबा म्हणजे हवालदार भिकन पाटील. बावीस वर्षं पलटणीत काढून बहात्तर साली गावी परतलेले. अंगकाठी शिडशिडीत, चालणं ताठ, आणि आवाज असा की आबांनी एरंडोलच्या बाजारात हाक मारली तर पद्मालयाच्या डोंगरावरची माकडं दचकतात, असं लोक म्हणत. गावी आल्यावर त्यांना दिसलं, की गावातली तीन माणसं लढाईत गेली, पण गावाला त्यांची नावंही धड सांगता येत नाहीत. बासष्टचा लीलाधर महाजन, पासष्टचा बन्सीलाल पाटील आणि एकाहत्तरचा शालिग्राम सोनवणे. आबांना राग आला. राग आला की आबा भांडत नसत, नियम काढत. त्र्याहत्तरच्या सव्वीस जानेवारीला जुनी टोपी चढवून ते झेंड्याच्या ओट्यावर उभे राहिले आणि वहीतून एकेक नाव पुकारलं, पलटणीत रोज सकाळी पुकारतात तसं. नाव आलं की त्याच्या घरच्या माणसाने उभं राहून "हजर" म्हणायचं. बस्स. भाषण नाही, हारतुरे नाहीत.

पहिल्याच वर्षी घोळ झाला. लीलाधरचा भाऊ पितांबर त्या दिवशी गाडीत कापूस भरून जिनिंगला गेलेला. आबांनी "सिपाही लीलाधर उखा महाजन" असं पुकारलं, दोनदा पुकारलं, आणि ओ आलीच नाही. मागे कुणीतरी फिसकन हसलं. आबांचा चेहरा उतरला. बर्फात जीव देऊन गेलेला माणूस आपण आपल्याच तोंडाने, आपल्याच गावात गैरहजर ठरवला, हे त्यांच्या जिवाला फार लागलं. त्याच दुपारी त्यांनी नियम केला: ओ देणारं घरचं माणूस समोर असल्याशिवाय नाव पुकारायचं नाही. तेव्हापासून पितांबर सव्वीस जानेवारीला गावाची शीव ओलांडत नसे. बन्सीलालची बायको सुगंधाबाई त्या दिवसापायी माहेरची लग्नं चुकवायची. आणि बौद्ध वस्तीतल्या पार्वताबाई, शालिग्रामची माय, पांढरं लुगडं नेसून झेंड्याच्या तासभर आधीच येऊन बसायच्या. "मना पोऱ्याले वरीसमा एकदाव आठे बलावतस," म्हणायच्या, "मंग मी उशीर कसाले करू?"

आबांचा एकुलता एक मुलगा अभिमन ही हाजिरी ऐकतच मोठा झाला. गोठ्यात बैलांची हाजिरी घ्यायचा लेकाचा. बैल हंबरला नाही तर त्याला गैरहजर लावायचा, आणि द्रौपदाबाई, त्याची माय, हसून हसून चुलीपुढे बसायची. विसाव्या वर्षी तो भरती झाला. मायने दोन दिवस तोंडात घास घेतला नाही. आबांनी गावात पेढे वाटले.

सत्त्याऐंशी साली गणपतीत तो रजेवर आला. रजा दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी संपत होती आणि दिवाळी पुढे पंधरवड्यावर. त्याची पलटण तेव्हा श्रीलंकेत उतरलेली होती, पण तिकडे नेमकं काय चाललंय ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता शिपायांच्या घरांत एक रीत असते, ती सांगायला हवी. रजा संपत आली की घरून पलटणीला तार जाते: माय आजारी, रजा वाढवा. दर दिवाळीला आणि दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अर्ध्या पलटणीच्या आया मरणाला टेकतात आणि सण झाला की ठणठणीत होऊन शेतात जातात. साहेब लोकांना हे पाठ असतं. मनात आलं तर आठ-पंधरा दिवस देतात, नाहीतर तार टोपलीत. यात कुणाला पाप वाटत नाही. आबांना वाटायचं. बावीस वर्षांत त्यांनी अशी एक तार घरून मागवली नव्हती. पोरगी कुंदा जन्मली, तिचं तोंडसुद्धा त्यांनी ती पाच महिन्यांची झाल्यावर पाहिलं, आणि ही गोष्ट ते अभिमानाने सांगत.

द्रौपदाबाईने हेडमास्तरांकडून तारेचा कागद लिहून आणला. हात हळदीचे होते, कागदाच्या कोपऱ्यावर अंगठा उमटला. खाली पाठवणाऱ्याची सही बापाची हवी, म्हणून ती आबांपुढे येऊन उभी राहिली.

"एवढी सही करा," ती म्हणाली.

आबांनी कागद वाचला. "तू आजारी शे?"

"नही."

"मंग?"

"दिवायी शे. पोऱ्या घर पाहिजे."

"त्याना जोडीदार तठे शेतस. त्यासले माय नहीत का?"

अभिमन दारात बसून बुटांना पॉलिश करत होता. तो हसत म्हणाला, "आबा, करी टाका ना सही. पंधरा दिननी तं गोट शे." हसत म्हणाला खरा, पण ब्रश हातात धरून तो आबांकडे पाहत राहिला. ते पाहणं आबा पुढे जन्मात विसरले नाहीत.

"हवालदार भिकन खोटी तार करत नही," आबा म्हणाले आणि कागदाची घडी करून बंडीच्या खिशात टाकली. अभिमनने मान खाली घातली आणि पुन्हा ब्रश चालवायला लागला. दुसऱ्या दिवशी जळगाव स्टेशनवर गाडी हलली तेव्हा मायने दिलेला शेवेचा डबा त्याच्या मांडीवर होता.

भाऊबीजेला कुंदा शिरपूरहून माहेरी आलेली. भाऊ घरी नाही, तेव्हा चंद्राला ओवाळायचं म्हणून तिने दुपारीच ताट घासून ठेवलं होतं. त्या दुपारी तार आली. ही मात्र खरी होती.

देह आला नाही. त्या वेळी तो येत नसे, तिकडेच अग्नी देत. दोन महिन्यांनी एक जवान अस्थी आणि काळी पेटी घेऊन आला. पेटीत कपडे, कंगवा, अर्धा झिजलेला साबण आणि शेवेचा डबा. द्रौपदाबाईने डबा उघडला, आत बोट फिरवलं. घासून पुसून कोरडा केलेला होता.

"धोयेल शे," ती त्या जवानाला म्हणाली. "म्हनजे खादी त्यानी."

जवान मान हलवून रडायला लागला. ती रडली नाही. जवान गेल्यावर ती आबांकडे वळली आणि एकदाच बोलली. "एक तार करी ऱ्हाती तं मना पोऱ्या आज घर ऱ्हाता." त्यानंतर तिने ते शब्द पुन्हा काढले नाहीत. काढले असते तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, आदळआपट झाली असती, कधीतरी संपलंही असतं.

अठ्ठ्याऐंशीची सव्वीस जानेवारी आली. आबांनी वहीत चौथं नाव लिहिलं, आणि आदल्या दिवशी बायकोला म्हणाले, "उद्या तुले ओ देनी पडी."

ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं. "तो आठे हजर व्हता तवय तुम्ही त्याले धाडी दिन्हा," ती म्हणाली. "आते मी कसाले हजर म्हनू?"

आबांनी कुंदाला विचारून पाहिलं, तर ती म्हणाली, "माय जित्ती शे तोवर तिना मान तिना. मी म्हनार नही." आणि आबा स्वतः? पुकारणारानेच ओ द्यायची, असं जगात कुठे होत नाही. नियम त्यांचाच, आणि तो त्यांच्याच गळ्यात आला.

तेव्हापासून पाच सव्वीस जानेवाऱ्या अशा गेल्या. आबा तीन नावं पुकारत. पितांबर, सुगंधाबाई, पार्वताबाई एकेक करून ओ देत. मग आबा वहीवर अंगठा ठेवून जरा वेळ उभे राहत. गावाला कळे, अंगठ्याखाली चौथं नाव आहे. पोरंसुद्धा तेवढा वेळ चुळबुळ करत नसत. मग आबा वही मिटून "परेड बरखास्त" म्हणत आणि माणसं खाली बघत आपापल्या घरी जात. चारचौघांत कुणी विषय काढत नसे. गाव जिभेने तिखट आहे, पण इथे त्याने जीभ आवरली.

घरात दोघं कामापुरतं बोलत. बैलांना पाणी दाखवलं का, मीठ संपलं, पावणे आले. पूर्वी आबा तिला "अभिमननी माय" अशी हाक मारत. पेटी आली त्या दिवसापासून ते "कुंदानी माय" म्हणू लागले. तिने ऐकून घेतलं. आखाजीला घरोघर मेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. द्रौपदाबाई सासू-सासऱ्यांची भरायची. अभिमनची भरायची नाही.

ब्याण्णवच्या दिवाळीनंतर तिच्या पायांवर सूज आली. विहिरीवरून घरी येताना तिला दोनदा बसावं लागायचं. जळगावच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून आबांना बाजूला घेतलं. हृदय मोठं झालंय, म्हणाले. औषधं द्या, काम करू देऊ नका, आणि पोरीला बोलावून घ्या. शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं. कुंदा दोन पातळं घेऊन आली, ती राहिलीच.

आबांना आता झोप लागेना. त्यांना मरणाची भीती नव्हती, पण एक हिशोब त्यांच्या डोक्यातून जाईना. ही गेली की अभिमनला ओ द्यायचा मान कुंदाकडे जाईल, कुंदा ओ देईल, हाजिरी होईल. होईल, पण ज्या बाईचं पोरगं आपण दारातून परत धाडलं, ती न बोलताच जाईल. पोराच्या नावाला ओ मायची हवी होती. आणि ती मागायला तोंड कुठून आणायचं?

पंचवीस जानेवारीला दुपारी आबा ओसरीवर वही काढून बसले. उन्हात बाजेवर द्रौपदाबाई गोधडी पांघरून पडली होती, पायथ्याशी कुंदा तिचे पाय चेपत होती. दरवर्षी आबा आदल्या दिवशी नावांवर नव्याने शाई फिरवत. चौथ्या पानाशी आले आणि वहीतून एक घडी केलेला कागद सुटून खाली पडला. वाऱ्याने तो बाजेखाली गेला.

कुंदाने उचलला. आबा घाईने उठले, पण द्रौपदाबाईने तोवर हात पुढे केला होता. तिला अक्षर येत नव्हतं. तिने कागद उन्हात धरला आणि कोपऱ्यावरचा पिवळा अंगठा पाहिला.

"ती तार शे ना?" ती म्हणाली.

"हां," आबा म्हणाले.

"फाडी नही?"

"फाडाले हात नही उठना."

श्वास घेताना तिची छाती भात्यासारखी वाजत होती. मग तिने कागद आबांकडे दिला. "वाची दाखाडा."

आबांनी चष्मा लावला. "माय आजारी. रजा पंधरा दिवस वाढवा." एवढंच होतं. एका दमात वाचून झालं. आणि पुढचं, जे कागदावर नव्हतं, पण पाच वर्षं त्यांच्या घशात अडकून बसलं होतं, तेही त्याच दमात बाहेर आलं. "अभिमननी माय," ते म्हणाले, "मी चुकनू."

कुंदाचे हात थांबले. पाच वर्षांत पहिल्यांदा बापाने मायला त्या नावाने हाक मारली होती. द्रौपदाबाईने डोळे मिटले. कडांतून पाणी कानाकडे ओघळलं, तिने पुसलं नाही.

"आते कसाले," ती एवढंच म्हणाली आणि कूस बदलली.

आबा समजायचं ते समजले. झालं. माफी अशी मागितल्याबरोबर मिळते थोडीच? त्यांनी कागद पुन्हा घडी करून वहीत ठेवला आणि बैलांकडे गेले. तिथे मात्र ते लहान पोरासारखे रडले. बैल निमूट रवंथ करत उभे होते.

सकाळी आबा टोपी चढवून शाळेत आले. हवेत गारठा होता. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, गोळ्या वाटून झाल्या, हेडमास्तरांनी कार्यक्रम संपल्याचं सांगून टाकलं. आबा ओट्यावर चढले.

"सिपाही लीलाधर उखा महाजन."

"हजर." पितांबर आता काठी टेकत उठायचा.

"नाईक बन्सीलाल दगडू पाटील."

"हजर," सुगंधाबाई म्हणाली.

"सिपाही शालिग्राम तुकाराम सोनवणे."

"हजर." पार्वताबाईंचा आवाज थकला होता, पण उशीर त्यांनी आजही केला नव्हता.

आबांनी पान उलटलं. अंगठा नावावर ठेवला. आणि समोर फाटकाकडे गर्दी हलली, माणसं बाजूला झाली. गोधडी पांघरून, कुंदाच्या खांद्यावर भार टाकून द्रौपदाबाई येत होती. घरापासून शाळा दोनशे पावलं, तिला किती वेळा बसावं लागलं असेल कोण जाणे. सुजलेले पाय चपलांत मावत नव्हते म्हणून ती अनवाणी होती. पार्वताबाईंनी सरकून आपल्या जवळची जागा दिली, पण ती बसली नाही. उभी राहिली.

ओ देणारं माणूस समोर आलं होतं. नियमाप्रमाणे आता पुकारायला हवं होतं. पाच वर्षं जे नाव गिळलं, ते त्यांनी सगळा जीव एकवटून बाहेर काढलं.

"सिपाही अभिमन भिकन पाटील."

उत्तर आलं नाही.

आबांना त्र्याहत्तर साल आठवलं. तीच शांतता, तोच ओटा. त्यांनी पुन्हा पुकारायला तोंड उघडलं. गावासमोर आपलंच पोरगं आपण गैरहजर ठरवलं, असं वाटून त्यांचे डोळे मिटले.

तेवढ्यात द्रौपदाबाई बोलली. मोठ्याने नाही, तिच्यात तेवढा दम नव्हता. पण गाव इतकं चूप होतं, की मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं.

"माय आजारी शे," ती म्हणाली. मध्ये श्वास घेतला. "रजा वाढाई द्या."

आबांनी डोळे उघडले. ती त्यांच्याकडेच पाहत होती, गोधडीचं टोक मुठीत धरून. त्या पाहण्यात राग नव्हता. मागणं होतं, पाच वर्षांपूर्वीचं तेच मागणं, आणि आता ते खोटं नव्हतं.

एकवीस वर्षांत त्या ओट्यासमोर "हजर"वाचून दुसरं उत्तर कुणी दिलं नव्हतं. आबांनी टाचा जुळवल्या. छाती पुढे काढली. आणि त्यांनी तो जुना, बाजारात हाक मारायचा आवाज काढला.

"रजा मंजूर."

द्रौपदाबाई खाली बसली. पार्वताबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. आबांनी वहीतला कागद काढला, गुडघ्यावर ठेवून खाली सही केली, आणि पुन्हा ताठ उभे राहिले. त्यानंतर त्यांनी "परेड बरखास्त" म्हणायला हवं होतं. त्यांच्या लक्षातच आलं नाही. ऊन डोक्यावर यायला लागलं, पोरांच्या तोंडातल्या गोळ्या विरघळून गेल्या, तरी गाव तसंच उभं. शेवटी पार्वताबाई उठून ओट्यापाशी गेल्या आणि त्यांनी आबांच्या हातातून वही हळूच काढून घेतली.

"आबा," त्या म्हणाल्या, "आते घर चाला. सारं गाव उभं शे."